तेर्काच्या ढोलावरचे वाटाणे

आमच्या एगर गावात कोणाला तरी तुर्क व्हावंच लागतं. दर उन्हाळ्यात किल्ल्यावर जुन्या तुर्की वेढ्याचा खेळ होतो. तटावर उभं राहायला अख्खं गाव एका पायावर तयार असतं, खाली शिडी लावायला मात्र कोणी मिळत नाही. मी लाकडी पिंपं करणारा माणूस, दंडात जोर, मिशा दाट, आणि नाही म्हणायची सवय नाही. तरुणपणी एकदा पगडी डोक्यावर चढली ती आजतागायत उतरलेली नाही. शिडीवर चढायचं, वरून बायका कढत सूप ओततात, मग बोंब मारून खाली पडायचं. सूप म्हणजे गार पाणी आणि त्यात लाल तिखट. ते डोळ्यांत गेलं की बोंब मारायला वेगळा अभिनय करावा लागत नाही.

इतकी वर्षं माझ्यावर हे सूप ओतत आली ती माझी शेजारीण, कोर्मोश तेर्का. तिच्या न्हाणीघराची भिंत आणि माझ्या कोठाराची भिंत एकच. तिचं तळघर आणि माझं तळघर यांच्यामध्ये जेमतेम हातभर दगड. एवढ्या जवळ राहून आम्ही एकमेकांचं तोंड पाहायचं नाही असं कितीदा ठरवलं असेल, याची गणती नाही. ते कधी संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

तेर्काला कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिथे माणूस बुडेल एवढ्या पातेल्यात घेवड्याचं सूप ढवळायची. घरी आली की अंगण झाडायची, ते झालं की माझ्या दारापुढचं झाडायची आणि वर मलाच ऐकवायची की पुरुषाच्या जातीला कचरा दिसत नाही. चर्चमध्येसुद्धा मागच्या खांबापाशी उभी. जेवायचीही उभ्याने, पातेल्यातूनच. तिचा नवरा वेंदेल शांत माणूस होता. तो म्हणायचा, "माझं लग्न एका बाईशी झालंय की वाऱ्याच्या झोताशी, मला अजून कळलेलं नाही." तो गेला त्या दिवशी आलेल्या माणसांना तिने स्वतः कॉफी दिली, स्वतः कप विसळले, आणि मग परसात जाऊन जळण फोडत बसली. चुकलो. फोडत उभी राहिली.

ही अस्वस्थता कुठून आली ते सांगायचं तर वेढ्यापाशीच जावं लागतं. आमच्याकडे सगळंच तिथे जातं. मुलाला आधी वेढा शिकवतात, मग पाढे. सुलतानाची अफाट फौज, किल्ल्यात मूठभर शिपाई, आणि तटावर दगड, डांबर, उकळतं पाणी घेऊन उभ्या राहिलेल्या बायका. तुर्क हात हलवत परत गेले. आमच्या लाल वाइनला बैलाचं रक्त म्हणतात तेही तेव्हापासून, कारण शिपायांच्या दाढ्या वाइनने लाल झालेल्या पाहून शत्रूला वाटलं हे लोक रक्तच पितात. गावात असं एकही घर नाही ज्याची पणजीची पणजी तटावर नव्हती. एवढ्या बायका त्या तटावर मावल्या कशा, हे विचारायचं नसतं. पुढे एका पिढीने तुर्क पुन्हा आले आणि किल्ला पडला, नव्वद-एक वर्षं त्यांचं राज्य होतं, ते गेले तेव्हा गाव ओस होतं आणि आपले वाडवडील बहुधा त्यानंतर बैलगाडीत बसून दुसरीकडून आले, असं पाद्रीबाबा दरवर्षी सांगतात. आम्ही मान डोलावतो आणि घरी जाऊन पणजीची गोष्ट सांगतो.

तेर्काच्या घरातली पणजी दगड टाकणारी नव्हती, वाटाणे राखणारी होती. तुर्क तटाखालून सुरुंग खणत होते. नेमके कुठे खणताहेत ते कळावं म्हणून किल्ल्यातल्या लोकांनी जमिनीवर ढोल मांडले आणि त्यांच्या कातड्यावर सुके वाटाणे पसरले. खाली कुदळ पडली की वर वाटाणे नाचायचे. ही गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कोर्मोशांच्या घरात तिच्यात एक भर होती. नुसतं बघून भागत नाही, त्यांची आजी सांगायची, ढोलाच्या कडेवर हात ठेवून बसायचं. डोळे चुकतात, हात चुकत नाही.

ही गोष्ट गोष्टच राहिली असती. पण आमचं गाव वरून गाव आणि खालून चाळण आहे. दगड मऊ, म्हणून ज्याने त्याने वाइनसाठी तळघर खणलं, त्याच्याखाली आणखी एक खणलं. तेर्काचा बाप हेच काम करायचा. ती लहान असताना एका सकाळी तो त्यांच्याच घराखाली, मागच्या खोलीच्या खालचं तळघर वाढवायला उतरला आणि छत त्याच्यावर आलं. त्याला बाहेर काढलं तेव्हा अंगणात जमलेल्या बायांसमोर आजी एवढंच म्हणाली, "आज वाटाणे ठेवले नव्हते."

म्हातारीने दुःखात काहीतरी बोलून टाकलं असेल. पण पोरीने ते गाठीशी बांधलं. तेव्हापासून तेर्काच्या तळघरात ढोल आहे. पहिला फुटका होता. हल्लीचा खेळातला, रंग उडालेला, वासराच्या कातड्याचा. खेळ चालवणारा मास्तर तो दरवर्षी परत मागायचा आणि दरवर्षी तेर्का म्हणायची, "माझ्याकडे सुरक्षित आहे."

वाटाणे कधी नाचले नाहीत. ती उतरायची, हात ठेवायची, वर येऊन पुन्हा झाडू घ्यायची. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. कोणी झोपताना दाराची कडी दोनदा बघतो, तसं हे.

मग गेल्या वर्षी एमेशे घरी आली. एमेशे ही तेर्काची नात, तिनेच वाढवलेली, कारण मुलगा परदेशी गेला तो नाताळच्या शुभेच्छांपुरता उरला. एमेशेला दिवस गेले होते. तिचा नवरा बस चालवतो, लांबच्या फेऱ्यांवर असतो, म्हणून बाळंतपण आजीकडे करायचं ठरलं. मागची खोली उबदार, पलीकडे भट्टीची भिंत. माझ्याच कोठारातली ओकची फळी घेऊन मी पाळणा केला. तेर्काने तो हाताने चाचपून बघितला, एक कोपरा ओबडधोबड आहे म्हणाली, आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात पाळणा स्वयंपाकघरात आला होता, आणि तेर्का कुंपणापाशी उभी.

"देझ्यो, तू खणतोयस."

"काय खणतोय? बटाटे?"

"वेड पांघरू नकोस. माझ्या मागच्या खोलीखाली तुझी कुदळ चालते. वाटाणे नाचले."

"उंदीर असेल."

"उंदराला कुदळ धरता येते?"

"मला तरी कुठे येते? माझ्या कमरेची काय अवस्था आहे ते तुला ठाऊक नाही? परवा बूट घालायला मला खुर्ची लागली."

"नाटकं करतोस. तुझी पिंपं मावत नाहीत म्हणून तू तळघर वाढवतोयस. आयुष्यभर तुर्क झालास, तो शेवटी अंगात मुरला."

मला हसू आलं, आणि तीच चूक झाली. तिचा चेहरा पांढरा पडला. ती आवाज न चढवता म्हणाली, "या खोलीखाली जमिनीने माझा बाप घेतलाय. एमेशेचं बाळ मी तिथे झोपू देणार नाही. ध्यानात ठेव."

त्यानंतर ती हात धुऊन माझ्यामागे लागली. बाजारात भोपळी मिरच्या विकणाऱ्या बाईपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना कळलं की देझ्यो शेजारणीचं घर पोखरतोय. मी वाइन प्यायला गुत्त्यात गेलो की कोणीतरी म्हणायचंच, "या पाशा, कुदळ दाराबाहेर ठेवा." सुरुवातीला मीही हसलो. मग हसणं जड जायला लागलं. माझ्या जन्मात मी एक खोटं पिंप विकलेलं नाही, आणि आता गावातली पोरं मला बघून जमिनीला कान लावायची. मला तिचा राग आला होता. खरंच आला होता.

नगरपालिकेचा तळघरं तपासणारा माणूस आला. त्याने दोन्हीकडची छतं ठोकून बघितली, दिवा फिरवला, दोन ठिकाणी भिंतीला नाक लावून वास घेतला. म्हणाला, कोरडं आहे, पक्कं आहे, आमच्या कचेरीचं छत आमच्या डोक्यावर पडेल पण हे पडणार नाही. तेर्काने त्याला पोगाचा, म्हणजे आमचे छोटे खारे पाव, खायला दिले, भलं मोठं ताट भरून, आणि तो गेल्यावर म्हणाली, "कोवळा आहे. त्याला काय कळतंय."

त्या दिवसांत तिचं बसणं-उठणं, म्हणजे उठणंच, आणखी वाढलं. मी भिंतीपलीकडून ऐकायचो. पातेलं ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. कप आदळला. काहीतरी फुटलं. झाडू. मला वाटायचं, मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम आपटतेय. एमेशे कुंपणापाशी येऊन हळूच सांगायची, "काका, मनावर घेऊ नका. आजीला झोप नाही. सुईत दोरा ओवायचा तर मला हाक मारते आणि मीच ओवला की माझ्यावरच चिडते. कॉफी अर्धाच कप घेते हल्ली."

"अर्धा कप घेऊन एवढा जोर? पूर्ण घेतला तर मला जिवंत ठेवणार नाही."

एमेशे हसली, पण तिच्या डोळ्यांत काळजी होती. बाळ आता केव्हाही येईल असं डॉक्टर म्हणत होते, आणि पाळणा स्वयंपाकघरात चुलीपाशी, धुरात, कांद्याच्या टोपलीला खेटून उभा होता. तो मागच्या खोलीत नेऊ का, असं तिने विचारलं की तेर्का दारात आडवी उभी राहायची.

त्यात खेळाचा दिवस आला. मी पगडी बांधली, शिडी लावली, चढलो. वर तेर्का पातेलं धरून. मनात म्हटलं, आज ही पातेलंच टाकणार. तिने माझ्याकडे बघितलं, पातेलं उचललं, आणि सगळं लाल पाणी माझ्यापासून चांगलं दूर, खाली उभं राहून आम्हाला खुणा करणाऱ्या मास्तरच्या डोक्यावर गेलं. त्याची पांढरी टोपी, कागद, कपडे, सगळं लाल. अख्खं पटांगण खदाखदा हसलं. कोणीतरी ओरडलं, "तेर्का फितूर झाली, तुर्काला मिळाली." मी शिडीवर तसाच लोंबकळत राहिलो, पडायचं कसं हेच कळेना. ती तटाच्या दगडाला हात लावून उभी होती आणि आजूबाजूच्या बायकांना म्हणत होती, "तट हलला. तुम्हाला कळलं नाही? तट हलला." बायका हसत होत्या. मला त्या क्षणी मात्र हसू आलं नाही. का ते सांगता येत नाही.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर मी सरळ तिच्या दारात गेलो.

"चल खाली. मी तुझ्यासमोर उभा राहतो, दोन्ही हात दिसतील असे. तू ढोल मांड. वाटाणे नाचले तर मी खणत नाही हे तरी कळेल. आणि नाही नाचले तर उद्या बाजारात जाऊन सगळ्यांना सांगायचं की खाली काही हलत नाही."

"आणि तू माणूस लावला असशील तर?"

"माझ्याकडे माणूस असता तर बूट त्याच्याकडून घालून घेतले असते."

ती चालायला लागली. आम्ही नको म्हणत असतानाही एमेशे पोट सांभाळत पायऱ्यांवर येऊन बसली. तळघरात गारवा होता, वाइनचा आणि ओल्या दगडाचा वास. दिवा खुंटीला. ढोल मागच्या खोलीच्या बरोबर खाली, जिथून तिच्या बापाला काढलं होतं तिथे. त्यावर मूठभर वाटाणे, सुके, पिवळे.

आणि तेर्का बसली. एका बुटक्या तिवईवर. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा बसलेलं बघत होतो. ती लहान दिसली. तिने आजीने शिकवल्याप्रमाणे उजवा हात ढोलाच्या कडेवर ठेवला आणि डोळे मिटले.

वाटाणे नाचायला लागले.

आधी एक, मग सगळे, कातड्यावर तडतड करत. ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती, त्या नजरेत जिंकल्याचा आनंद नव्हता, नुसती भीती होती. "बघ," ती म्हणाली. "आता तरी बघ."

मी बघत होतो. पण वाटाण्यांकडे नाही. तिच्या हाताकडे. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, अगदी बारीक. इतके दिवस तो हात सदा कशात ना कशात असायचा, झाडूत, डावात, कुऱ्हाडीच्या दांड्यात, आणि कामात असलेल्या हाताकडे कोण बघतं.

"तेर्का, हात उचल जरा," मी म्हणालो.

"हात उचलला तर कळणार कसं?"

"उचल ना."

तिने उचलला नाही. एमेशे पायऱ्यांवरून उठली, भिंतीला धरत खाली आली, आणि आजीचा हात अलगद उचलून आपल्या हातात घेतला. वाटाणे थांबले. तेर्काने ढोलाकडे बघितलं, मग हट्टाने हात सोडवून पुन्हा कडेवर ठेवला. वाटाणे नाचले. तिने उचलला. थांबले. असं तिने पुन्हा केलं, आणि पुन्हा. आम्ही दोघं तिला थांबवू शकलो नाही.

माझ्या तोंडून नको ते बाहेर पडलं. "खरं सांगतो, मीच खणत होतो. पिंपं मावत नव्हती. उद्यापासून बंद करतो. गावालाही सांगतो."

"गप बस, देझ्यो," ती म्हणाली, पण रागाने नाही. "तुला कधी खोटं बोलता आलं नाही. शिडीवरसुद्धा सूप पडायच्या आधीच ओरडतोस."

मला रडू येत होतं, ते मी खोकल्यात लपवलं. इतके दिवस भिंतीपलीकडून तिचे कप फुटताना ऐकले आणि मला वाटलं ती माझ्यावर राग काढतेय. तिला स्वतःला तरी कळत होतं का, कोण जाणे. कळत असेल थोडंफार. जी बाई बापाच्या जागेवर बसून जमीन काय म्हणते ते ऐकायची, तिला आपल्या हाताचं ऐकू आलं नसेल असं मला वाटत नाही. पण हात चुकत नाही, हेच तिला शिकवलं होतं. हात हलला म्हणजे जमीन हलली. दुसरा अर्थ तिच्याकडे नव्हताच.

तिने तो हात मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने झाकला. एप्रनचं कापड हलत राहिलं.

"देझ्यो," ती म्हणाली, "म्हणजे खाली कोणी नाही?"

"कोणी नाही."

"छत?"

"छत पक्कं आहे. तो कोवळा माणूस म्हणाला ना."

"कुठे तडा नाही?"

"दिवा घेऊन ये माझ्याबरोबर, कोपरा न् कोपरा दाखवतो."

"नको." तिने छताकडे बघितलं, मागच्या खोलीच्या दिशेने, आणि तिचे खांदे सैल पडले. "मग हे नुसतं माझंच आहे."

एमेशे तिच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. उद्या डॉक्टरकडे जाऊ, मोठ्या दवाखान्यात जाऊ, औषधं असतात याला, काहीबाही बोलत होती. तेर्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोच हात, थरथरणारा, आता लपवायचं काही न राहिलेला.

"पाळणा मागच्या खोलीत ने," ती म्हणाली. "देझ्यो उचलू लागेल. आणि रडतेस काय अशी? घर शाबूत आहे."